सम्राज्ञी जोसेफिनची गुलाबबाग

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी गुलाबांवर काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझ्या अंगणातल्या गुलाबाची फजिती आपल्यापैकी निम्म्याजणींना ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्याजणींना ती आमच्या सासूबाईंनी हळदीकुंकवाच्या वेळी सांगितलेली आहे. परंतु त्या फजितीमुळेच मी गुलाबाची पुस्तके उघडली, आणि त्या पुस्तकांतून फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन हिच्या चरित्रापर्यंत जाऊन पोचले. तेव्हा लिहायचे तर तिच्याविषयीच लिहावे असे ठरवले.

फजिती थोडक्यात अशी. आमच्या नळाजवळ सासूबाईंच्या हातचा एक गावठी गुलाब होता. फूल लहान, रंग साधा गुलाबी, पण वास असा की पहाटे दार उघडले की आधी तोच आत येई. दर उन्हाळ्यात सासूबाई त्याचा गुलकंद घालीत. मला मात्र हवे होते फुलदाणीत शोभेल असे ताठ दांड्याचे, मोठ्या कळीचे फूल. एका रोपवाटिकेतून, चिठ्ठीवरचे चित्र पाहून, मी एक कलमी गुलाब आणला आणि ऊन चांगले म्हणून नेमका गावठी गुलाब उपटून त्या जागी लावला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी गुलकंदाची बरणी घासूनपुसून माळ्यावर ठेवून दिली, एवढेच. पहिल्या वर्षी फुले आली. दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत आल्या, आणि गौरी जेवून गेल्या तोवर झाडाचा नुसता खराटा उरला. पुढचे शेवटी सांगते. आता जोसेफिनकडे वळू.

जोसेफिन हे तिचे माहेरचे नाव नव्हेच. मारी जोझेफ रोझ असे तिचे लांबलचक नाव, आणि घरची सारी माणसे तिला रोझ म्हणत. रोझ म्हणजे गुलाबच. जन्म २३ जून १७६३ चा, आणि तोही फ्रान्समध्ये नव्हे. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक नावाच्या फ्रेंच बेटावर. वडिलांचा उसाचा मळा होता. ती तीन वर्षांची असताना, १७६६ साली, मोठे वादळ होऊन राहते घर पडले, आणि ते कुटुंब साखरेच्या कारखान्याच्या माडीवर राहू लागले. नाव खानदानी, हातात पैसा नाही, अशी ती गत होती. उसाच्या मळ्यावर लहानपण गेल्यामुळे दात लवकर किडले आणि पुढे ती नेहमी ओठ मिटून हसे, असे सांगतात.

तो मळा गुलामांच्या घामावर चालत असे, हे इथेच सांगून टाकते. फुलांच्या गोष्टीत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण १८०२ साली नेपोलियनच्या राजवटीने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने पुन्हा चालू ठेवली, आणि त्याचा राग मार्टिनिकची माणसे विसरलेली नाहीत. तिथे १८५९ साली उभारलेल्या जोसेफिनच्या संगमरवरी पुतळ्याचे मस्तक १९९१ साली कोणी तोडून नेले आणि २०२० साली तो पुतळाच पाडला गेला. तिने नवऱ्याला त्या कायद्यासाठी गळ घातली असे काही जण म्हणतात. त्याला पुरावा मिळत नाही. पण ज्या पैशावर ती वाढली तो कुठला, हे आपण विसरून चालणार नाही.

सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. खरे तर नवरामुलगा आलेक्झांद्र द बोआर्ने याच्यासाठी तिची धाकटी बहीण योजलेली होती. ती वारली, म्हणून रोझला जहाजात बसवून फ्रान्सला पाठवले. १७७९ च्या डिसेंबरात लग्न, मग ओझेन हा मुलगा आणि ओर्तांस ही मुलगी, आणि १७८५ पर्यंत नवराबायको वेगळी झालेलीसुद्धा! पुढे राज्यक्रांती झाली. १७९४ साली दोघांनाही पॅरिसच्या एकाच तुरुंगात टाकण्यात आले. २३ जुलैला नवऱ्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी खुद्द रोबेस्पिएरचे डोके त्याच यंत्राखाली गेले आणि रोझ वाचली. आठवडाभराचा फरक पडता तर पुढचे काहीच घडले नसते.

९ मार्च १७९६ रोजी तिने नेपोलियन बोनापार्टशी लग्न लावले. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाच्या कागदावर तिने आपले वय चार वर्षांनी कमी सांगितले आणि त्याने आपले दीडेक वर्षाने वाढवून सांगितले! आणि तिचे नाव त्यानेच बदलले. रोझ त्याला नको होते. त्याने तिला जोसेफिन म्हणायला सुरुवात केली, आणि जगाने तेच उचलले. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात, त्याची मला हे वाचताना फार आठवण झाली. दोन मुलांची आई, बत्तीस वर्षांची बाई, आणि तिचे गुलाबाचे नाव एका दिवसात पुसले गेले. तिला त्याचे वाईट वाटले की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर असताना, १७९९ च्या एप्रिलात, तिने पॅरिसच्या पश्चिमेला मालमेझों नावाची जुनी वाडी विकत घेतली. पैसे जवळ नव्हते, तरी घेतली. नवरा परत आल्यावर काय बोलणी बसली असतील याची आपण सर्वजणी कल्पना करू शकतो. पण पुढे ती जागा त्यालाही आवडली, आणि १८०० ते १८०२ या काळात फ्रान्सचा बराच कारभार तिथूनच चालला.

घर डागडुजी करून राहण्याजोगे झाले, पण तिचा खरा जीव बागेत होता. व्हर्सायच्या बागेसारखे आखीव चौकोन तिला नको होते. वळणावळणाची पायवाट, मध्येच ओढा, मध्येच झाडांचा पुंजका, अशी इंग्रजी धाटणीची बाग तिने करवली. तळ्यात ऑस्ट्रेलियातून आलेले काळे राजहंस सोडले. कांगारू, एमू असे प्राणीही तिथे होते. १८०५ पर्यंत सुमारे पन्नास मीटर लांबीचे काचगृह उभे राहिले. ते हिवाळ्यात डझनभर कोळशाच्या शेगड्यांनी ऊबदार ठेवत. मार्टिनिकच्या उष्ण हवेत वाढलेल्या बाईला पॅरिसच्या बर्फात आपल्याकडची झाडे हवीशी वाटली, यात नवल काय? १८०३ ते १८१४ या वर्षांत फ्रान्समध्ये पूर्वी कधी न फुललेल्या सुमारे दोनशे वनस्पती मालमेझोंत पहिल्यांदा फुलल्या, असे वनस्पतींचे अभ्यासक सांगतात.

खुरपे तिच्या हाती होते असे मात्र समजू नका. माळी होते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आधी व्हांतना यांनी तिच्या बागेवर ग्रंथ लिहिला. पुढे, दक्षिण अमेरिका पालथी घालून आलेले एमे बाँप्लां हे बागेचे व्यवस्थापक झाले. पण ती नुसती मालकीण नव्हती. पाहुणा आला की ती त्याला काचगृहात नेई आणि एकेका झाडाचे नावगाव सांगे. रोजच्या रोज तीच झाडे पाहून तिच्या सहचारिणी कंटाळून जात, असे त्यांच्या आठवणींत आहे. आपल्या घरची मंडळी आपल्या कुंड्यांना कंटाळतात, तसेच म्हणा ना!

आता गुलाबांचे. आजच्या आपल्या बाजारात गुलाब म्हटला की तो बारा महिने, लाटेमागून लाट फुलायचा, असे आपण धरून चालतो. जोसेफिनच्या तरुणपणी फ्रान्समध्ये तसे नव्हते. गालिका, दमास्क, पांढरे आल्बा, शंभर पाकळ्यांचे सेंतिफोलिया, हे सारे गुलाब रूपाने आणि वासाने एकाहून एक सरस. पण वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला चारसहा आठवडे फुलायचे, की पुढच्या वर्षापर्यंत नुसती पाने. एकच दमास्क असा होता की शरद ऋतूत पुन्हा थोडी फुले देई. रंग पांढऱ्यापासून जांभळट किरमिजीपर्यंत. चांगला पिवळा विरळा, आणि नारिंगी तर जवळजवळ नाहीच.

वारंवार फुलण्याचा गुण आला तो चीनकडून. चिनी बागांतले गुलाब लहान चणीचे, नाजूक. पण नवी फूट आली की तिच्या टोकाला कळी ठरलेली. १७९० नंतर ते इंग्रजांच्या कंपनीच्या जहाजांतून युरोपात येऊ लागले, आणि ही जहाजे कलकत्त्याला थांबत. तिथल्या वनस्पती उद्यानात झाडांना विसावा मिळे. त्यामुळे फ्रान्सच्या रोपवाटिकांत चिनी गुलाबांचे नाव पडले बंगाली गुलाब! चीनची मुलगी, कलकत्त्याला मुक्काम केला म्हणून बंगालीण झाली. नाव बदलण्याचा हा दुसरा प्रकार.

१८०९ साली कँटनहून इंग्लंडात एक फिकट गुलाबी, चहाच्या कोऱ्या पत्तीसारख्या वासाचा गुलाब पोचला. सर अब्राहम ह्यूम यांच्या पत्नीच्या नावाने तो ओळखला जातो. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांच्या जिवावर उठलेले, समुद्रात नाकेबंदी. तरीही लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील ली आणि केनेडी यांच्या रोपवाटिकेतून जोसेफिनला रोपे येत राहिली. युद्ध चालू असतानाही केनेडी यांना ये-जा करण्याचा परवाना होता. १८१० साली हा चहावासाचा गुलाब फ्रान्सला पोचला, तो इंग्रज आरमाराने वाट मोकळी करून दिल्यामुळे, असे सांगतात. दोन राष्ट्रांचे सैनिक मरत होते, आणि गुलाबाच्या पेटीला मात्र वाट मिळाली. याचे कौतुक करावे की राग यावा, ते माझे अजून ठरलेले नाही.

ते १८१० साल तिच्या आयुष्यातले फार वाईट साल. २ डिसेंबर १८०४ रोजी नेपोलियनने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता. पण मूल होईना, आणि गादीला वारस हवा. १५ डिसेंबर १८०९ च्या रात्री सगळ्या दरबारासमोर तिला घटस्फोटाच्या संमतीचा कागद वाचावा लागला; तो तिच्याने पुरता वाचवलाही नाही, दुसऱ्याने पुरा केला. दुसऱ्या दिवशी ती मालमेझोंला निघून आली. सम्राज्ञी ही पदवी आणि ती वाडी तिच्याकडे राहिली. चार महिन्यांच्या आत नेपोलियनने दुसरे लग्न केले. पुढच्या वर्षी त्याला मुलगा झाला.

टाकलेली बायको म्हणून ती कोपऱ्यात बसली असती तरी कोणी तिला नाव ठेवले नसते. ती बागेत राहिली. फुलांची खरेदी चालू, बिया मागवणे चालू, आणि मागवलेले आपल्यापाशीच कोंडून न ठेवता देशातल्या दुसऱ्या बागांना रोपे-बिया पाठवणेही चालू. कर्ज मात्र वाढतच गेले. हिशेबाच्या बाबतीत तिचे अनुकरण कोणी करू नये. १८१४ च्या वसंतात नेपोलियनचा पाडाव झाला. रशियाचा झार आलेक्झांडर तिला भेटायला आला. त्या दिवसांत पातळ कपड्यांत गारठ्यात फिरल्याने तिला थंडी बाधली असे म्हणतात. घसा धरला, ताप चढला, आणि २९ मे १८१४ रोजी मालमेझोंतच ती वारली. वय एकावन्नाला पोचायला महिनाही उरला नव्हता. फ्रान्समध्ये गुलाब उमलायला लागण्याचे ते दिवस.

पुढच्याच वर्षी, वॉटर्लूच्या पराभवानंतर, नेपोलियन मालमेझोंला आला आणि ओर्तांसजवळ चार दिवस राहून २९ जूनला तिथूनच कायमचा निघाला.

तिच्या गुलाबांविषयी खूप दंतकथा आहेत. तिच्या बागेत त्या काळचे यच्चयावत गुलाब होते, अडीचशे जाती होत्या, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. पण ती यादी तिच्या हयातीतली नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्राव्हरो नावाच्या गुलाबवेड्या गृहस्थांनी शोधाशोध करून तशी जुळवली. तिच्या काळी मालमेझोंत वेगळी अशी गुलाबवाटिकाच नव्हती, बरेच गुलाब कुंड्यांत आणि झुडपांच्या मधूनमधून असत, असे आता अभ्यासक मानतात. आणि रदूते या चित्रकाराचा गुलाबांच्या चित्रांचा जो जगप्रसिद्ध संग्रह आहे, तो १८१७ ते १८२४ या काळात निघाला. म्हणजे तिने तो पाहिलाच नाही. मला हे वाचून आधी हिरमुसल्यासारखे झाले. मग वाटले, कुंड्यांतले गुलाब! म्हणजे आपल्यासारखेच की.

तिच्या मागे बाग टिकली नाही. मुलाने वारसा घेतला, तोही १८२४ साली वारला, आणि १८२८ मध्ये मालमेझों विकली गेली. झाडे पांगली. आज तिथे संग्रहालय आहे. १८४३ साली लियोंच्या बेल्यूझ यांनी एक फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेला गुलाब तयार केला. त्याला मालमेझोंची आठवण अशा अर्थाचे नाव मिळाले. पुस्तकातले चित्र पाहून मी तो मागवणारच होते. पण पावसात त्याच्या कळ्या भिजून गोळा होतात आणि न उमलताच कुजतात, असे वाचले आणि हात आवरला. आपल्याकडचा श्रावण त्याला कसा सोसणार? जुने गालिकाही आपल्या मैदानी हवेत नीट फुलत नाहीत. त्यांना कडाक्याची थंडी लागते. गुलाब निवडताना चित्राआधी आपला पाऊस पाहावा, आणि ज्या शेजारणीकडे तो तीन पावसाळे टिकलेला असेल तिला विचारावे, हे मी पैसे घालवून शिकले.

वारंवार फुलणारा चिनी आणि वासाचा दमास्क यांचा मिलाफ पुढे झाला, तो फ्रान्समध्ये नव्हे तर हिंदी महासागरातल्या एका फ्रेंच बेटावर. त्या बेटाचे तेव्हाचे नाव बूर्बों. आज त्याला रियुनियन म्हणतात. तिथे शेतांच्या कडेला या दोन्ही गुलाबांची कुंपणे लावत. त्यांचा आपोआप संकर होऊन एक नवेच झुडूप उगवले. त्याच्या बिया १८१९ मध्ये पॅरिसला गेल्या आणि त्यांतून बूर्बों गुलाबांचे घराणे सुरू झाले. त्या झुडपाला बेटावर एदुआर म्हणत. आणि तो एदुआर आपल्याकडे येऊन झाला एडवर्ड! मी इतकी वर्षे समजत होते की हे नाव इंग्रजांच्या राजाचे.

आता माझ्या खराट्याकडे येते. दिवाळीच्या सुमारास त्याच्या बुंध्यातून जोरदार हिरवी फूट आली. मी आनंदाने खतपाणी केले. संक्रांतीला कळी आली. उमलली ती लहान, साधी गुलाबी. मी चिठ्ठी काढून पाहिली, पुन्हा फूल पाहिले. सासूबाई काठी टेकत आल्या, वाकल्या, वास घेतला, आणि हा आपलाच, परत आला, असे म्हणून देवाला हात जोडले. मी माळीबुवांना बोलावले. ते हसले. कलमी गुलाब म्हणजे एका रानवट, काटक झाडाच्या खुंटावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरलेला असतो. डोळा भरल्याच्या गाठीखालून येणारी फूट ही खुंटाची. ती वेळीच बुडापासून काढली नाही तर सगळा जोर तीच खाते आणि वरचा गुलाब मरतो. माझा वरचा तर रोगानेच गेला होता. खाली उरला होता खुंट, आणि खुंट होता एडवर्डचा. पानावर सात पर्णिका दिसल्या की खुंट, असे पुष्कळजणी सांगतात, पण त्यावर विसंबू नका. फूट गाठीच्या वरून आली की खालून, एवढे माती बाजूला सारून पाहावे. म्हणून लावतानाच ती गाठ मातीच्या वर, डोळ्याला दिसेल अशी ठेवावी.

मी उपटलेले झाड तेच नव्हते हे सासूबाईंना मी सांगितले नाही. जात तीच होती, असे माळीबुवा म्हणाले; मला तेवढे पुरे झाले. त्या उन्हाळ्यात बरणी माळ्यावरून खाली आली.

मोठ्या कळीचा गुलाबही मी पुन्हा लावला आहे, पण या खेपेस कुंडीत, गच्चीवर, आणि शेजारच्या काकूंकडे चार पावसाळे पाहिलेला ग्लॅडिएटर. त्याला सहा तास ऊन मिळते, कुंडीत पाणी साचत नाही, आणि ऑक्टोबरात मी त्याची छाटणी करते. या गुलाबांत चीनचे रक्त आहे म्हणून ते नव्या फुटीवर फुलतात आणि छाटणी मानवते. जोसेफिनच्या गालिकांवर कोणी हिवाळ्यात अशी कात्री चालवली असती तर त्या वर्षीची फुले गेलीच म्हणायची, कारण ते गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतात.

नळाजवळच्या एडवर्डच्या काड्या यंदा ऑक्टोबरात मी वाळूत टोचून ठेवल्या होत्या. बारापैकी नऊ धरल्या आहेत. दोन मंडळाच्या अंगणासाठी राखून ठेवल्या आहेत, एक चिटणीसबाईंना कबूल केली आहे. उरलेल्या सहा ज्यांना हव्या असतील त्यांनी संक्रांतीच्या आत येऊन न्याव्या. कुंडी घरून आणावी, आणि येताना सासूबाईंना गुलकंदाचे प्रमाण विचारायला विसरू नये. मी सांगितलेले त्यांना पटत नाही.